ट्रेलरपुरता आवाज

आपलाच आवाज सकाळी सकाळी खालच्या दुकानातून आपल्यावर खेकसतो, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. खर्जरावांवर ती गेला दीड महिना रोज येत होती. इमारतीखालचा सलूनवाला नऊला शटर वर करायचा, खुर्च्या पुसायच्या आधी टीव्ही लावायचा, आणि टीव्ही लागला रे लागला की 'अकरावा बुरूज'च्या शेवटच्या भागाचा ट्रेलर सुरू. आधी ढोल, मग आग, मग उधळलेले घोडे, आणि मग सगळं एकदम चिडीचूप करून उम्रोक गरजायचा, "माझा आवाज तुम्ही कधीच बंद करू शकणार नाही!"

दुसऱ्या मजल्यावर खर्जराव गालाला फेस लावून आरशासमोर उभे असायचे. ते आरशातल्या स्वतःला म्हणायचे, "हो का? बघू या."

उम्रोक म्हणजे त्या सिनेमातला दगडी कातडीचा राक्षस, बुरुजाचा पहारेकरी. चार भाग येऊन गेले होते, पाचवा शेवटचा. परदेशात बनलेला हा राक्षस अकरा वर्षं आपल्या भाषेत बोलत होता तो खर्जरावांच्या गळ्यातून. एरवी खर्जरावांना कुणी रस्त्यात ओळखलं नसतं. उंची पाच फूट तीन इंच, नाकावर जाड चष्मा, आणि भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर. पण तोंड उघडलं की काचेची तावदानं थरथरायची, म्हणून स्टुडिओतल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. खरं नाव विजेच्या बिलावर आणि सिनेमा संपल्यावर पडद्यावरून धावणाऱ्या यादीत तेवढं उरलं होतं.

आता तर जिकडे जावं तिकडे तोच आवाज. बसथांब्यावर तो, पेट्रोलपंपावर तो, फोनवर कुणाची वाट पाहत बसावं तर कानातही तोच. भेटेल तो हात हातात घेऊन म्हणायचा, "काका, शहर दणाणून सोडलंत!" खर्जराव हसायचे. हसायला काय जातं? आत मात्र शंकेची पाल एकसारखी चुकचुकत होती. सिनेमा तीन आठवड्यांवर आला होता, आणि सिनेमाच्या डबिंगला त्यांना अजून कुणी बोलावलंच नव्हतं. ट्रेलरसाठी बोलावलं, पाच वाक्यं घेतली, चहा पाजला, पाठ थोपटली, घरी पाठवलं. बस्स. मग ट्रेलरमध्ये आवाज आपला आणि सिनेमात कुणाचा? अकरा वर्षं सांभाळलेला राक्षस शेवटच्या भागात कुणी तिसराच घेऊन जाणार की काय, हा एकच भुंगा त्यांचं डोकं पोखरत होता.

आणि कुठेतरी पाणी मुरत होतं हे त्यांना त्या ट्रेलरच्या दिवशीच कळलं होतं. तेही एका दातावरून.

त्याचं असं आहे. डबिंग म्हणजे पडद्यावरच्या हलत्या ओठांवर आपलं बोलणं नेमकं बसवायचं. पण असल्या मोठ्या सिनेमावाल्यांना धसका भारी. शेवट बाहेर फुटू नये म्हणून कंपनी सगळा पडदा काळा करून पाठवते आणि जो बोलतो त्याच्या तोंडापुरतं एक गोल भोक ठेवते. कुणाशी बोलतोय, कुठे उभा आहे, मारतोय की मरतोय, काही म्हणजे काही दिसत नाही. अकरा वर्षं खर्जराव त्या भोकासमोर उभे राहिले होते. उम्रोकचा चेहरा इतरांसारखाच त्यांनीही थिएटरात तिकीट काढून पाहिला होता. पण तोंड! ते त्यांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या दाढा किती हे त्यांना विचार करून सांगावं लागलं असतं, उम्रोकच्या मात्र झोपेत सांगितल्या असत्या.

तिसऱ्या भागात उम्रोकचा वरचा डावा सुळा तुटला होता. चौथ्यात तो तुटलेलाच होता. आणि पाचव्याच्या ट्रेलरसाठी भोक उघडलं, तर सुळा जागच्या जागी, अगदी शाबूत.

"कप्तान," खर्जराव माईकमध्येच म्हणाले, "हे तोंड जुनं आहे."

काचेपलीकडे कप्तान बसला होता. डबिंगचा दिग्दर्शक, आणि खर्जरावांचा पंचवीस वर्षांचा दोस्त. एकदा माईकचा लोखंडी दांडा नाकावर पडून त्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून तो जोरात श्वास घ्यायला लागला की नाकातून बारीक शिट्टी वाजायची. ती आत्ता वाजली.

"तू वाक्य म्हण," कप्तान म्हणाला.

"सुळा कुठून उगवला?"

"दातांच्या डॉक्टरकडे गेला असेल. म्हण पुढे."

"आणि ओठ वेगळंच बोलतायत. 'माझा आवाज बंद करू शकणार नाही' असं काही हा म्हणत नाहीये. हा दुसऱ्या भागात स्वयंपाक्यावर ओरडतो ना, ते हे."

कप्तान खाली बघायला लागला. शेजारी कंपनीची प्रसिद्धीवाली बाई बसली होती, ती मात्र खळखळून हसली. "वा, काय नजर आहे तुमची! काका, ट्रेलरमध्ये ओठ कोण बघतं? आम्ही तिथे धूर टाकणार आहोत."

नंतर चहाच्या वेळी तिनेच त्यांना आपल्या धंद्याची गंमत सांगितली. डोंगराच्या कड्यावरून सिनेमात सात जण धावत असतील, तर ट्रेलरमध्ये पाचच ठेवायचे, म्हणजे दोघांचं काय झालं याची लोक महिनाभर चर्चा करतात. रडणारी राणी हवी तर तिचं हसणं उलटं फिरवायचं. जो मरणार त्याला पुढचं बोलताना दाखवायचं. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी, एका युद्धाची आग दुसऱ्या युद्धात.

"म्हणजे चक्क खोटं," खर्जराव म्हणाले.

"छे छे, खोटं कसलं? राखून ठेवलेलं म्हणा. लोकांना शेवट हवा असतो हो काका, पण तिकीट काढायच्या आधी नको असतो. मग त्यांचं लक्ष दुसरीकडे नको का वळवायला?"

"आणि माझं लक्ष कुठे वळवताय?"

बाईने बिस्कीट चहात बुडवलं आणि ते मोडून आत पडलं, त्या गडबडीत उत्तर राहून गेलं. मुद्दाम राहून गेलं, असं खर्जरावांचं ठाम मत झालं.

त्यानंतर त्यांना सगळीकडे खुणाच दिसू लागल्या. एकदा ते मफलर विसरला म्हणून स्टुडिओत परत गेले, तर लिफ्टमधून कोण बाहेर पडावं? आपल्याकडच्या सिनेमांतला तो खर्जातला सुपरस्टार, ज्याच्या आवाजावर बायका जीव टाकतात तो. आणि कप्तान त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवतोय! सुपरस्टार गाडीत बसून गेल्यावर खर्जरावांनी कप्तानला कोपऱ्यात गाठलं.

"हा इथे कशाला?"

"टूथपेस्टच्या जाहिरातीला."

"टूथपेस्ट? त्याचे निम्मे दात बसवलेले आहेत."

"म्हणून तर जाहिरात करतोय. अरे, तुझ्या डोक्यात काय शिरलंय?"

"सिनेमाचं डबिंग कधी?"

"होईल."

"मला बोलावणार?"

"बोलावणार."

"किती वाक्यं आहेत माझी?"

इथे कप्तानने ताकास तूर लागू दिली नाही. नुसती शिट्टी वाजली. पंचवीस वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस, आणि डोळ्याला डोळा देईना! खर्जरावांना रडावंसं वाटलं. मग त्याचा राग आला, आणि राग बरा वाटला म्हणून त्यांनी तोच जपला.

घरी बायको शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवत बसायची. यंत्राच्या खडखडाटात तिला सांगितलेलं निम्मंच ऐकू जायचं, आणि उरलेल्या निम्म्यावर ती शांतपणे मत द्यायची.

"कप्तानभावजी असं करायचे नाहीत," ती म्हणाली.

"का नाही करणार? मोठं नाव मिळालं की लोक आईला ओळखत नाहीत."

"त्यांना कुठे मिळालं मोठं नाव? मोठं नाव तर तुम्हाला मिळालंय. बोहारणीनेसुद्धा परवा विचारलं, राक्षस इथेच राहतो का."

"तुला थट्टा सुचतेय. तुला काय, तू चारही भागांत झोपलीस."

"मग काय करू? तुमचा आवाज मी घरी ऐकते की. दिवसा बोलणं आणि रात्री घोरणं." तिने दोरा दाताने तोडला. "दोन आखूड श्वास, एक लांब, आणि मग तेल न घातलेलं दार. तीस वर्षं पाठ आहे मला. तो सुपरस्टार घोरून दाखवेल का तसं?"

खर्जरावांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. शंका घेताना हसणं म्हणजे माघार.

खाली सलूनवाल्याने तर आगीत तेलच ओतलं. खर्जरावांच्या मानेवरून वस्तरा फिरवता फिरवता तो म्हणाला, "काका, आता माणसाचा आवाजच लागत नाही म्हणतात. मशीनला नुसते नमुने द्यायचे. हसणं, खोकणं, श्वास. मशीन ते गिळतं आणि मग पाहिजे ते बोलतं. माणूस बसला घरी."

"श्वाससुद्धा?"

"श्वास तर आधी घेतात म्हणे. हलू नका, कानाजवळ आहे."

खर्जराव हलले नाहीत, पण ते वाक्य त्यांच्या मनात जाऊन बसलं.

आणि दुसऱ्याच दिवशी कप्तानचा फोन आला. "उद्या दोनला ये. अर्ध्या तासाचं काम आहे. गळा सांभाळून ये."

खर्जरावांनी मफलर धुऊन वाळवला. रात्री लवकर झोपले, सकाळी थंड पाण्याला शिवले नाहीत. मनात म्हणत होते, उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर. आत गेले, कानावर हेडफोन चढवला, समोर पाहिलं. पडदा काळा. पूर्ण काळा. भोक नाही.

"तोंड कुठंय?"

"तोंड नाही," कप्तान काचेमागून म्हणाला. खोलीत दोघांखेरीज कुणी नव्हतं. "आज श्वास हवेत. लाल दिवा लागला की घ्यायचा, विझला की सोडायचा. अडीच मिनिटं. शेवटी एक लांब, तो हळूहळू संपवायचा."

"नुसते श्वास?"

"नुसते."

"आणि वाक्यं?"

कप्तानने लाल दिव्याचं बटण चाचपून पाहिलं.

"मी विचारतोय, वाक्यं किती आहेत?"

"आज श्वास दे."

माईकखालच्या स्टँडवर एक नवा कागद सहीसाठी ठेवला होता. खर्जरावांनी चष्मा वर करून वाचला. 'बोललेला आणि न बोललेला सर्व प्रकारचा आवाज.' सलूनवाल्याचं एकेक अक्षर खरं ठरत होतं.

"अच्छा. म्हणजे असं आहे तर. मशीन भरायला माझी धाप हवी, आणि बोलायला तो टूथपेस्टवाला?"

"कसलं मशीन? अरे, काय बोलतोयस तू?"

"मग सांग ना! हा श्वास कुठे जाणार? उम्रोक कुठे उभा आहे? पळतोय, झोपलाय, जिना चढतोय?"

कप्तान उठून आत आला. इतक्या वर्षांत रेकॉर्डिंगच्या मधे तो कधी आत आला नव्हता. त्याने खर्जरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "मला बोलता येत नाही रे. सही करून बसलोय. जिभेवर कुलूप आहे माझ्या. पण आपल्या दोस्तीवर सांगतो, हा श्वास दे. जीव ओतून दे. आजवर दिलं नाहीस असं दे."

"का?"

"विचारू नकोस."

"पंचवीस वर्षांत तू मला कधी 'विचारू नकोस' म्हणाला नाहीस. आज म्हणतोयस. का? कारण विचारलं तर तुझं बिंग फुटेल."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

खर्जरावांनी हेडफोन काढून खुंटीला अडकवला. "केसाने गळा कापतोयस माझा तू," ते म्हणाले. त्या बंद खोलीत तो खर्ज असा घुमला की कप्तान एक पाऊल मागे सरला. "आवाज दिला, तो ट्रेलरमध्ये नाचवलात. आता श्वासही देऊ? श्वास माझा आहे. तो मी देणार नाही."

आणि डोक्यात राख घालून ते निघून आले.

संध्याकाळी कप्तानचा फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा खर्जराव त्या फोनकडे पाहत बसून राहिले. चौथ्यांदा वाजला असता तर घेतला असता, असं त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. चौथ्यांदा तो वाजलाच नाही.

"झालं का काम?" बायकोने आतून विचारलं.

"झालं," ते म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. भांडून आलो असं सांगितलं असतं तर तिने फोन उचलायला लावला असता, आणि तेच त्यांना नको होतं.

मग सिनेमा आला. प्रसिद्धीवाल्या बाईने पहिल्या दिवशीच्या दुपारच्या खेळाचे दोन पास पाठवले. खर्जराव जाणार नव्हते. पण आपला संशय खरा ठरताना ऐकायची एक ओढ असते, तिने त्यांना ओढलं. सुपरस्टारचा आवाज एकदा कानावर पडला की कप्तानला जन्मभर तोंड दाखवायला नको, इतकं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

थिएटरच्या दालनात उम्रोकचा दहा फुटी पुतळा उभा केला होता, पुठ्ठ्याचा, डोळ्यांत लाल दिवे. समोरून कुणी गेलं की आपोआप गरजायचा, "माझा आवाज तुम्ही कधीच बंद करू शकणार नाही!" पोरं मुद्दाम पुढून मागून पळत होती. सलूनवाला दुकान बंद करून अख्खं घर घेऊन आला होता. त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं, "हेच ते! हेच ते!" लोकांनी माना वळवल्या, आणि त्या पुतळ्यासमोर पाच फूट तीन इंचांचे खर्जराव मफलर घट्ट करत उभे राहिले. बायकोने झोपायची तयारी म्हणून शाल आणली होती.

दिवे मालवले. पहिल्या दहा मिनिटांतच उम्रोक आला, साखळदंडांनी बांधलेला. शत्रूची राणी त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात सुरी होती. पुढचं पडद्यावर दाखवलं नाही, नुसती सावली दाखवली. मग उम्रोकचं तोंड दिसलं, सबंध पडदाभर. सुळा तुटलेला होता. आणि आत जीभ नव्हती.

सगळं थिएटर "हाय" म्हणालं. खर्जराव आ वासून बघत राहिले.

कुणी सुपरस्टार नव्हता. मशीन नव्हतं. शेवटच्या भागात उम्रोक एक अक्षरही बोलत नव्हता, आणि हे कुणाच्या स्वप्नातही येऊ नये म्हणून गावभर त्याचा आवाज वाजवला होता. राखून ठेवलेलं! दोन महिने त्यांनी स्वतःच्याच आवाजाचा संशय घेतला होता, आणि तो आवाज बिचारा फक्त झाकण म्हणून वापरला होता. खर्जरावांचा जीव भांड्यात पडला. कुणी आपली जागा घेतली नाही, कप्तान खोटं बोलला नाही, टूथपेस्ट ती टूथपेस्टच. ते खुर्चीत जरा सैल झाले, आणि तेवढ्यात त्यांना तो लाल दिवा आठवला.

मग पुढचे दोन तास त्यांनी काय पाहिलं हे त्यांना सांगता आलं नसतं. ते वाट बघत होते.

शेवटी ते आलंच. बुरुजाचं दार बंद करायचं होतं आणि ते बाहेरूनच बंद होणार होतं. सगळे आत गेले. उम्रोक बाहेर राहिला, दाराला पाठ लावून बसला. अंगात बाण रुतलेले. ढोल थांबले, सनया थांबल्या, आग विझली. पडद्यावर नुसता तो दगडी चेहरा, आणि आवाज एकच, श्वासाचा. घेतलेला, सोडलेला. दाराच्या आतल्या बाजूला एक मुलगी कान लावून उभी होती. बाहेर तो अजून आहे हे तिला त्या श्वासावरूनच कळत होतं. अडीच मिनिटं.

मागे सलूनवाला मुसमुसायला लागला. त्याच्या बायकोने नाक शिंकरलं. सगळ्या थिएटरात कुणी वेफर चावत नव्हतं, कुणी हलत नव्हतं.

पण खर्जरावांना त्या श्वासाच्या टोकाला काहीतरी ऐकू येत होतं. फार बारीक. केसाएवढं. एक शिट्टी.

बायको जागी होती. शाल मांडीवर तशीच घडीची. तिने मान जराशी वाकडी केली होती, यंत्रात कुठे दोरा अडकला हे ऐकताना करायची तशी. पडद्यावर शेवटचा लांब श्वास सुरू झाला, हळूहळू बारीक होत गेला, संपला. आतली मुलगी दारावरून खाली सरकली. बायकोने खर्जरावांच्या कानाशी तोंड नेलं.

"अहो, हे तुम्ही नाही."

खर्जरावांनी मफलर आणखी आवळला.

"तुम्ही तर म्हणालात, झालं काम."

काळ्या पडद्यावर नावं धावायला लागली. 'उम्रोक' असं आलं आणि त्यापुढे त्यांचं नाव आलं, विजेच्या बिलावरचं, पूर्ण. सलूनवाल्याने शिट्टी मारली, टाळ्या सुरू केल्या, आणि मागच्या चार रांगांनी त्या उचलल्या. "काका, काय हो तो श्वास!" तो रडत रडतच म्हणाला. "बोललात तेव्हा रडवलं नव्हतंत कधी." खर्जरावांना त्या टाळ्या गालावर बसत होत्या. उठून सांगावंसं वाटलं, अरे, मी नाही, मी निघून आलो होतो. पण ते उठले ते थेट दाराकडे निघाले.

बाहेर दालनात, पुतळ्याच्या बाजूच्या खांबाशी कप्तान उभा होता. खेळ संपायची वाट बघत असावा. खर्जरावांना बघून तो हसला नाही आणि वळूनही गेला नाही.

"बघितलास?" त्याने विचारलं.

"शिट्टी वाजते तुझी," खर्जराव म्हणाले.

"माहीत आहे. अठ्ठावीस वेळा घेतला, अठ्ठावीस वेळा वाजली. दोन दिवसांत पाठवायचं होतं. प्रत्येक भाषेत ज्याने आवाज दिला त्याचाच श्वास हवा, असं फर्मान होतं त्यांचं. मी तुझं नाव लिहून पाठवला."

"दुसरा कुणी का नाही बोलावलास? चांगल्या छातीचे पन्नास जण आहेत गावात."

"तुझ्या जागी दुसरा माणूस उभा करू?" कप्तान म्हणाला. "वेड लागलंय का तुला?"

खर्जरावांना माफी मागायची होती. ते शब्द शोधून तोंड उघडणार, एवढ्यात कुणीतरी समोरून गेलं आणि पुतळा गरजला, "माझा आवाज तुम्ही कधीच बंद करू शकणार नाही!" ते थांबले. आवाज संपला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा कुणी गेलं, पुन्हा तेच. खेळ सुटला होता, माणसं लोटत होती, आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना एक शब्द बोलू देत नव्हता.

बायको पुतळ्याच्या मागे गेली. जरा वेळ ती दिसेना. मग उम्रोकच्या डोळ्यांतले दिवे विझले, आणि ती हातात उपटलेली वायर घेऊन बाहेर आली.

"हं," ती म्हणाली. "बोला आता."

दालन एकदम शांत वाटलं. खर्जरावांनी मफलर सोडला. कप्तानकडे बघितलं. बोलायला म्हणून श्वास घेतला, तो मधेच अडकला, पुन्हा घेतला, पुन्हा अडकला, आणि तिसरा लांबच लांब आत गेला, छातीच्या तळापर्यंत, थरथरत, आणि तसाच हळूहळू बाहेर आला. शब्द काही आलाच नाही त्याच्याबरोबर.

कप्तानने डोळे मिटून तो ऐकला. काचेमागे बसून ऐकायचा तसा, मान खाली घालून, शेवटपर्यंत.

"हाच," तो म्हणाला. "हाच हवा होता रे मला."